बायपासनंतर पार्टीत प्यावं का, आणि प्यायचंच तर कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गॅस्ट्रिक बायपास (वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात ती शस्त्रक्रिया) होऊन आठ महिने झाले, 36 किलो उतरले, टाके भरले, रिपोर्ट चांगले आहेत. मित्रांच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या आहेत. पूर्वी तीन लार्ज सहज पचायचे, आता एक-दोन घेतले तर चालतील का? व्हिस्की, वाइन, बिअर यांतलं काय बरं? आणि ज्या मित्राची स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया) झाली आहे त्यालाही हेच नियम लागू होतात का?

आधी सरळ उत्तर देतो. आठव्या महिन्यात वजन अजून उतरतं आहे, तेव्हा सध्या थांबा. काही केंद्रं सहा महिने सांगतात, बरीच वर्षभर थांबवतात. मी वर्षाच्या बाजूचा आहे. वजन स्थिर झालं, जेवण नीट जातंय, उलट्या नाहीत, व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज पोटात जात आहेत आणि लिव्हरचे रिपोर्ट ठीक आहेत, एवढं जमलं की मग अधूनमधून एक स्मॉल, क्वचित दोन, याबद्दल बोलता येईल. तीन लार्जचा हिशेब मात्र कायमचा विसरा. तो तुमच्या जुन्या पोटाचा होता.

पोटात बदललं काय, ते बघू. शस्त्रक्रियेआधी दारू जठरात काही वेळ रेंगाळत असे. जठराच्या अस्तरातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम तिथेच थोडी दारू मोडून टाकत असे. उरलेली जठराच्या दारातून हळूहळू लहान आतड्यात उतरत असे, आणि ती प्रामुख्याने तिथेच रक्तात शोषली जाते. बायपासमध्ये जठराची जेमतेम 30 मिलीची पिशवी राहते आणि ती थेट आतड्याला जोडलेली असते. मध्ये दार नाही. म्हणजे एक स्मॉल पेग आणि तुमची पिशवी यांचं माप एकच झालं. घोट गिळला की तो जवळजवळ लगेच आतड्यात. शिवाय 36 किलो गेले तेव्हा शरीरातलं पाणीही कमी झालं. तेवढीच दारू आता कमी पाण्यात मिसळते, म्हणून रक्तातलं प्रमाण वाढतं. बायकांच्या शरीरात मुळातच पाण्याचा वाटा कमी असतो, त्यामुळे त्यांच्यात हा फरक आणखी ठळक दिसतो.

आकड्यांत सांगायचं तर 2011 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच लोकांना बायपासच्या आधी आणि नंतर साधारण 150 मिली रेड वाइन देऊन श्वासातलं अल्कोहोल मोजलं. आधी सर्वोच्च पातळी सरासरी 0.024 टक्के होती. तीन महिन्यांनी ती 0.059 झाली आणि सहा महिन्यांनी 0.088. पातळी शून्यावर यायला आधी 49 मिनिटं लागत, सहा महिन्यांनी 88 मिनिटं लागली. तिथे गाडी चालवण्यासाठीची कायदेशीर मर्यादा बहुतेक ठिकाणी 0.08 टक्के आहे. म्हणजे एका ग्लास वाइनमध्ये माणूस मर्यादेच्या पलीकडे. 2015 मध्ये बायपास झालेल्या स्त्रियांवरचा आणखी एक अभ्यास आला. त्यात दोन ड्रिंक्सनंतर त्यांच्या रक्तात जे प्रमाण दिसलं, ते शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रीला चार ड्रिंक्सनंतर अपेक्षित असतं.

पण लोक फक्त ‘दुप्पट चढते’ एवढंच लक्षात ठेवतात आणि पेग निम्मे केले की झालं असं समजतात. माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे ते मिनिटांचं गणित. पूर्वी पेग संपल्यावर वीस-तीस मिनिटांनी रक्तातल्या दारूचं शिखर यायचं. आता ते पाच-दहा मिनिटांत येतं. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक, पहिल्या दहा मिनिटांत पाय लटपटणं, जीभ जड होणं, खुर्चीतून उठताना तोल जाणं. दुसरी त्याहून फसवी. जशी झपकन चढते तशी पहिली किक ओसरल्यासारखीही लवकर वाटते. अर्ध्या तासात माणसाला वाटतं, उतरली, आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. रक्तातली दारू मात्र अजून तिथेच असते. त्यावर दुसरा पेग पडला की दुसरं शिखर पहिल्याच्या डोक्यावर चढतं. पार्टीत आडवे झालेल्या बायपासच्या रुग्णांची हकिगत बहुतेक अशीच असते: पेग दोनच, पण पाऊण तासात.

म्हणून दुसरा घ्यायचा की नाही हे पहिला हातात घेण्याआधीच ठरवायचं. पहिला पोटात गेल्यावर ठरवणारा माणूस वेगळा असतो. आणि घ्यायचाच असेल तर मध्ये दोन तास जाऊ द्या. घड्याळ बघून, अंदाजाने नाही.

आता स्लीव्हबद्दल. त्यात जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग काढून केळ्यासारखी नळी उरते. खालचं दार शाबूत असतं, म्हणून सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटलं की स्लीव्हवाल्यांना दारूचा फारसा फरक पडू नये. सुरुवातीच्या अभ्यासांचे निष्कर्षही उलटसुलट होते. नंतर रक्ताचे नमुने लवकर लवकर घेऊन मोजलं तेव्हा स्लीव्हनंतरही शिखर बायपाससारखंच उंच आणि लवकर आलेलं दिसलं. नळीतला दाब जास्त असतो आणि द्रव पदार्थ भराभर खाली ढकलले जातात. त्यामुळे मित्राला सांगा, नियम तेच. मिनी बायपासलाही (एकाच जोडाचा बायपास) तेच, कारण तिथेही दार ओलांडून थेट आतड्यात उडी आहे. जठराच्या वरच्या भागाभोवती पट्टा, म्हणजे बँड बसवलेल्यांत जठर आणि दार दोन्ही जागेवर असल्याने हा झपाटा दिसत नाही, वजन घटल्याचा परिणाम तेवढा असतो.

किती म्हणजे किती, हे मोजायला पेग, ग्लास, पाइंट हे शब्द कुचकामी आहेत. ग्रॅम मोजा. सूत्र सोपं आहे: मिली गुणिले बाटलीवरचे टक्के, भागिले 100, गुणिले 0.79. 40 टक्क्यांच्या व्हिस्कीचे 30 मिली म्हणजे साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. 60 मिली म्हणजे 19. 12 टक्क्यांची वाइन 150 मिली, 14 ग्रॅम. 5 टक्क्यांची 330 मिली बिअर, 13 ग्रॅम. 8 टक्क्यांचा अर्ध्या लिटरचा कॅन मात्र 32 ग्रॅमच्या घरात जातो, आणि ‘बिअरच तर आहे’ म्हणणारे नेमके इथेच फसतात. वर्ष उलटलेल्या, बाकी सगळं ठीक असलेल्या माणसाला मी एका बैठकीत 10 ग्रॅमची मर्यादा सांगतो. वरची हद्द 20, तीही वर सांगितलेल्या अंतराने आणि महिन्यातून एखाद-दोन वेळा. घरी ओतताना मापाचा पेला वापरा. नजरेने ओतलेला स्मॉल बहुधा 45 मिलीचा निघतो.

तुमचे जुने तीन लार्ज म्हणजे 57 ग्रॅम, आणि त्यातून सुमारे 400 कॅलरी. सध्या दिवसभराचं तुमचं खाणं 800 ते 1200 कॅलरींचं असणार. म्हणजे दिवसाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत भाग अशा गोष्टीने भरला, जिच्यात प्रोटीन शून्य. दारूने पोटही भरत नाही, उलट चकण्याच्या बशीवरचा ताबा सुटतो. तळलेलं, खारवलेलं, कुरकुरीत खाणं लहान पिशवीतूनही सहज खाली सरकतं, त्यामुळे ‘माझं तर पोटच लहान आहे’ हा आधार तिथे चालत नाही.

काय प्यावं? त्यातल्या त्यात साध्या पाण्यात नीट पातळ केलेली व्हिस्की-व्होडकासारखी कडक दारू, किंवा ड्राय वाइन, लहान ग्लासात. 30 मिलीला 150 ते 200 मिली पाणी आणि तो ग्लास पाऊण तास ते तासभर पुरवायचा. पाणी न घालता कोरी घेऊ नका. पिशवीच्या जोडावर 40 टक्क्यांचं द्रावण थेट आदळणं चांगलं नाही. शॉट म्हणजे तर सगळ्या चुका एका घोटात. सोडा, टॉनिक, कोला, बिअर, स्पार्कलिंग वाइन यांतल्या वायूने पिशवी ताणल्यासारखी होते, छातीत कळ येते, ढेकर अडकतो, आणि स्लीव्हमध्ये आंबट पाणी वर येण्याचा त्रास वाढतो. गॅसने पिशवी कायमची मोठी होते असं सरसकट सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही, पण त्या रात्रीचा त्रास पुरेसा खरा असतो. कॉकटेल टाळाच. ज्यूस, सिरप, क्रीम घातलेला एक ग्लास तीन-चारशे कॅलरींपर्यंत सहज जातो आणि साखरेमुळे डंपिंग होतं: दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. ‘वाइन तब्येतीला चांगली’ हा युक्तिवाद फक्त पार्टीतच ऐकू येतो.

खाण्याचं काय, यात लोकांचा खरा गोंधळ होतो. एकीकडे आहारतज्ज्ञ सांगतात जेवणाबरोबर काही पिऊ नका, तीस मिनिटांचं अंतर ठेवा. दुसरीकडे सगळे म्हणतात रिकाम्या पोटी दारू नको. दोन्ही बरोबर आहेत. मेळ असा घालायचा: बैठकीआधी पाऊण तास प्रोटीनचं छोटं जेवण करायचं. दोन अंडी, किंवा मासा, चिकन, घट्ट दही, जे पचतं ते. नीट चावून, थांबून. मग अर्धा-पाऊण तास काही प्यायचं नाही. मग ग्लास. जेवण आधी झालेलं असलं तरी शिखर पूर्वीइतकं खाली येत नाही, पण साखर घसरण्यापासून थोडं संरक्षण मिळतं. ग्लास हातात असताना घास आणि घोट आलटून पालटून घेऊ नका. त्याने घास धुतल्यासारखा खाली जातो, किंवा अडकतो आणि उलटी होते. पाण्याचंही ध्यानात ठेवा. दारू लघवी वाढवते आणि तुम्हाला आता घटाघटा पाणी पिऊन ती तूट भरून काढता येत नाही. संध्याकाळपर्यंत दीड लिटर पाणी पोटात गेलं नसेल तर त्या दिवशी ग्लास उचलूच नका.

साखर घसरण्याचा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण यात जीव जाऊ शकतो आणि आजूबाजूच्यांच्या ते लक्षातही येत नाही. बायपासनंतर, बहुधा वर्ष उलटल्यावर, काही जणांना गोड किंवा पिठूळ खाल्ल्यापासून एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाण्याचा त्रास सुरू होतो. इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं. एरवी अशा वेळी लिव्हर नवी साखर तयार करून सांभाळून घेतं. दारू ते कामच बंद पाडते. त्यात तुम्ही दिवसभर थोडंच खाल्लेलं, म्हणजे लिव्हरमधला साठाही तुटपुंजा. गोड मिक्सरचा पेग, वर डेझर्ट, आणि दोन तासांनी घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, डोळ्यांवर झापड. बघणारे म्हणतात, चढली आहे, झोपू द्या. ग्लुकोमीटरने बोटाची साखर बघायला अर्धं मिनिट लागतं. ती 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, साखर वर आली की थोडं प्रोटीन. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. साखर वाढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन अशा वेळी नीट काम करेलच असं नाही, कारण ते लिव्हरमधल्या साठ्यावरच चालतं.

तुमची मधुमेहाची औषधं चालू असतील तर हा धोका आणखी वाढतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक थेंबही घेऊ नये. मेटफॉर्मिनवर असताना जास्त प्यायल्यास लॅक्टिक ॲसिडोसिसची, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याची भीती असते. झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं आणि दारू एकत्र आली की श्वास मंदावतो. ब्लडप्रेशरची गोळी वजन उतरल्यावरही जुन्याच डोसात चालू असेल तर एका पेगनंतर उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि सकाळी डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर अजिबात नको. दारू, वेदनाशामक आणि सिगारेट या त्रिकुटाने जोडाच्या जागी अल्सर होतो. तो रक्तस्राव करतो, कधी फुटतोही. जेवल्यावर वरच्या पोटात कुरतडल्यासारखं दुखणं, काळी शी, कॉफीच्या गाळासारखी उलटी दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

व्हिटॅमिन बी-1, म्हणजे थायमिन. शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. कमी खाणं, उलट्या आणि दारू तिन्ही मिळून तो रिकामा करतात. मग डोळे नीट फिरत नाहीत, एकाचे दोन दिसतात, चाल झोकांड्या खाते, डोकं गोंधळतं. ही वर्निकी एन्सेफॅलोपथी. दिसायला अगदी दारू प्यायल्यासारखी. फरक एवढाच की सकाळी उतरत नाही. अशा माणसाला दवाखान्यात नेलं तर बायपास किंवा स्लीव्ह झाल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी किंवा निदान तिच्याबरोबर शिरेतून थायमिन दिलं जाईल. उशीर झाला तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं.

गाडीबद्दल चर्चाच नको. एक घोट घेतला तरी त्या रात्री स्टीअरिंग दुसऱ्याकडे. फुंकायच्या यंत्रावर विसंबून तर मुळीच नको. स्लीव्ह झालेल्या स्त्रियांवरच्या एका अभ्यासात त्या यंत्राने रक्तातल्यापेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी आकडा दाखवला होता, आणि शिखर तर त्याच्या हातून निसटलंच.

आता ज्यावर पार्टीत कुणी बोलत नाही ते. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांत झालेल्या लॅब्स-2 या मोठ्या पाहणीत दारूच्या व्यसनाची लक्षणं शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात 7.6 टक्के रुग्णांत होती, पहिल्या वर्षात 7.3 टक्के, आणि दुसऱ्या वर्षात 9.6 टक्के. पहिलं वर्ष शांत जातं. माणूस घाबरून असतो, टीम फोन करत असते. दुसऱ्या वर्षी तपासण्या विरळ होतात, तब्येत सुधारते, निमंत्रणं वाढतात. त्याच पाहणीत पुढे पाच वर्षांत बायपास झालेल्यांपैकी जवळजवळ 21 टक्के लोकांत ही लक्षणं नव्याने दिसली, तर बँडवाल्यांत 11 टक्क्यांच्या आसपास. पुरुष, कमी वय, सिगारेट ओढणारे, आधीपासून नियमित पिणारे, आणि घरात-मित्रांत आधार कमी असलेले यांना धोका जास्त. तुम्ही तीन लार्जवाले होतात, म्हणजे या यादीत आहात.

लोक म्हणतात, खाण्याचं व्यसन दारूवर सरकलं. असेलही काहींचं. पण झपकन चढणं आणि किक लवकर ओसरणं हेच मेंदूला जास्त चटक लावतं, आणि ते बायपासमध्ये शस्त्रक्रियेनेच घडवलेलं असतं. तेव्हा यात मनाचा कमकुवतपणा शोधत बसू नका, खुणा शोधा. एकट्याने पिणं सुरू झालं. ठरवलेल्यापेक्षा जास्त होऊ लागलं. रात्रीचा काही भाग आठवत नाही. कॅलरी वाचवायला जेवण गाळून पिणं, ही खूण आमच्याकडे फार दिसते आणि फार उशिरा सांगितली जाते. यातली एकही दिसली तर शल्यचिकित्सकाच्या टीमला सांगा. नॅल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत, समुपदेशन आहे, आणि ते लवकर सुरू केलं तर बरंच सोपं जातं.

ज्यांना आधी कधी व्यसन होतं, ज्यांना लिव्हरचा सिऱ्होसिस आहे, ज्यांना साखर घसरण्याचा किंवा जोडाच्या अल्सरचा त्रास झाला आहे, ज्या गर्भवती आहेत किंवा बाळाचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी सुरक्षित प्रमाण शून्य. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस अनपेक्षितपणे राहू शकतात, हे तरुण बायकांनी ध्यानात ठेवावं.

तुम्हाला सध्या बैठकीला जायचंच आहे तर जा. हातात लिंबू पिळलेल्या पाण्याचा ग्लास ठेवा, तो भरलेला दिसला की कुणी ओतायला येत नाही. बैठकीतल्या एका तरी माणसाला शस्त्रक्रियेबद्दल आणि साखरेबद्दल सांगून ठेवा, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजच्या गोळ्या खिशात असू द्या. बाराव्या महिन्याच्या तपासणीत लिव्हरच्या चाचण्या, बी-12, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि थायमिन करून घ्या आणि दारूचा विषय तुम्हीच काढा. आणि या आठ महिन्यांत रोजची सवय आधीच लागून गेली असेल, तर हे वाचून एका रात्रीत बंद करू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली की दोन-तीन दिवसांत हातांना कंप सुटतो, भास होतात, झटकेही येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची असते.